चेंबरचा नट

गाडीसोबत मिळणाऱ्या पुस्तकात लिहिलेलं असतं: दहा हजार किलोमीटर किंवा एक वर्ष, यातलं जे आधी होईल तेव्हा इंजिन ऑइल बदला. बहुतेकांचं वाचन इथंच थांबतं. पुढे बारीक टाइपात आणखी एक तक्ता असतो. धुळीचे रस्ते, खडबडीत रस्ते, सारखी छोटी छोटी अंतरं, घाट, ओझं. यातलं काही तुमच्या गाडीच्या वाट्याला येत असेल तर ही मुदत बरीच कमी करा, असं तो तक्ता सांगतो. मी चिखलीत राहते आणि मेहकर रोडवरून आत एका खेड्यात शाळेला जाते. माझ्या जुन्या वॅगन-आरला त्या तक्त्यातलं जवळजवळ सगळंच लागू होतं. शेवटचा तुकडा मातीचा आहे. सोयाबीन निघायला लागलं की ट्रॉल्यांच्या मागून जाताना पुढचं काही दिसत नाही. म्हणून मी पाच हजाराला ऑइल बदलते, आणि स्वतः बदलते.

यात बाईनं करण्यासारखं काय आहे, असं विचारणारे भेटतात. माझं माहेर शेतीचं. ट्रॅक्टरचं ऑइल गावात कुणीच शोरूममध्ये नेऊन बदलत नाही. मीटरवर अडीचशे तास झाले की दादा बांधावरच घमेलं लावायचा आणि मी पाने हातात द्यायची. कारचं काम त्याहून सोपं आहे. अडचण एकच, कार बुटकी असते.

आधी हे कळायला हवं की ऑइल खराब होतं म्हणजे नेमकं काय होतं. तेलाचा मूळ पदार्थ सहसा झिजत नाही, संपतात ती त्यात घातलेली रसायनं: काजळी धरून ठेवणारी, आम्ल मारणारी, झीज थोपवणारी. शिवाय बाहेरून भर पडत राहते. हवेच्या फिल्टरमधून निसटलेली बारीक धूळ शेवटी तेलात उतरते. आणि पाणी. नववीच्या वर्गाला हे सांगितलं तर पोरं विश्वास ठेवत नाहीत, पण एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण एक लिटर पाणी तयार होतं. त्यातलं बहुतेक सायलेन्सरमधून वाफ होऊन जातं, थोडं रिंगांच्या फटीतून खाली चेंबरमध्ये उतरतं. इंजिन नीट तापलं तर तेही उडून जातं. पण घर ते बाजार, बाजार ते घर एवढंच गाडी फिरत असेल तर ते तिथंच राहतं. महिन्याकाठी जेमतेम शंभर किलोमीटर फिरणाऱ्या गाडीला मायलेजचा हिशोब लावून लोक तीन-तीन वर्षं तेच ऑइल ठेवतात, ते म्हणूनच चुकतं. अशा गाडीला वर्षाची अट पाळायची.

आता दुसरा वाद, आणि तो मोठा आहे. जाड की पातळ? दुकानात गेलं की सल्ला ठरलेला: "म्याडम, आपल्याकडं ऊन लय असते. जाडच टाका, इंजिन थंडं राह्यते." मलकापूर-नांदुऱ्याकडे मे महिन्यात पारा 45 च्या आसपास जातो, त्यामुळे हे पटतंही. पण इंजिनाला आपल्या उन्हाचं फारसं काही नसतं. थर्मोस्टॅट नावाची एक झडप इंजिनाचं पाणी 90 अंशांच्या आसपास राखते, मग बाहेर मलकापूरचा मे असो की मनालीचा जानेवारी. आत तेल साधारण शंभरीच्या आगेमागे असतं. डब्यावरच्या 5डब्ल्यू-30 मधला 30 हा आकडा त्या शंभर अंशांवरचा दाटपणा सांगतो. डब्ल्यू म्हणजे विंटर, थंडीतला आकडा. तो जितका लहान तितकं तेल थंड इंजिनात लवकर वर चढतं. ही वर्गवारी अमेरिकेतल्या ऑटोमोबाइल इंजिनिअरांच्या संस्थेनं, एसएईनं, 1911 मध्ये सुरू केली आणि नंतर ती बदलत गेली. 5डब्ल्यूची चाचणी उणे 30 अंशांवर घेतात, 20डब्ल्यूची उणे 15 वर. बुलढाण्यात डिसेंबरला स्वेटर लागतो, उणे कधी होत नाही, हे खरं. तरीपण सकाळी सेल मारल्यावरचे पहिले काही सेकंद वरच्या भागात तेल पोचलेलं नसतं. थंड काकवीसारखं दाट तेल तिथं उशिरा पोचतं, आणि झिजेचा बराच भाग त्याच वेळेचा असतो.

जाड तेलाचा सल्ला देणारे मिस्त्री खोटं बोलत नाहीत. त्यांचा हात बसला तो मारुती 800 च्या काळात, तेव्हा 20डब्ल्यू-40 सर्रास चालायचं. आताच्या इंजिनांत फटी अरुंद आहेत आणि तेलाच्या वाटाही. माझ्या गाडीला 5डब्ल्यू-30 लिहिलंय, काही नव्या गाड्यांना त्याहून पातळ 0डब्ल्यू-20 लागतं. पुस्तकात जे लिहिलंय ते घ्यावं. डब्यावर एपीआयची खूणही पाहावी. पेट्रोल गाड्यांसाठी एसपी ही श्रेणी 2020 पासून आली, आणि ती जुन्या एसएन, एसएमच्या जागी चालते. डिझेलवाल्यांनी आपल्या पुस्तकातली वेगळी श्रेणी पाहावी. ब्रँडवरून भांडण्यात मला रस नाही. नकली मालाची मात्र भीती आहे, म्हणून बिल देणाऱ्याच दुकानातून घ्यावं आणि झाकणाचं सील बघावं.

सामान फार लागत नाही. तीन-साडेतीन लिटरचा डबा (माझ्या गाडीत तीनच्या आत-बाहेर मावतं), नवा फिल्टर, नटाचा नवा वायसर, रिंगपाना, नरसाळं, चिंध्या, हातमोजे आणि खताच्या दोन रिकाम्या गोण्या खाली अंथरायला. मारुतीच्या गाड्यांना बहुधा 14 किंवा 17 चा पाना बसतो. पाना रिंगचाच घ्या. फिक्स पाना निसटतो, नटाचे कोपरे गोल होतात, आणि मग मिस्त्रीच लागतो.

नुसत्या जॅकवर उभ्या केलेल्या गाडीखाली डोकं घालायचं नाही. जॅक चाक बदलण्यापुरता असतो. दादानं मला बाभळीच्या जाड फळ्या पायऱ्यांसारख्या ठोकून दोन ठोकळे करून दिलेत. पुढची चाकं त्यावर चढवायची, हँडब्रेक ओढायचा, गाडी गिअरमध्ये ठेवायची, मागच्या चाकांना दगड लावायचे. ठोकळे नसतील तर वॉशिंग सेंटरचा रॅम्प थोड्या वेळापुरता मागून घ्यावा, सकाळी तो रिकामाच असतो.

इंजिन पाचेक मिनिटं चालवून बंद करायचं. कोमट तेल पटकन उतरतं आणि तळाचा गाळ सोबत घेऊन येतं. उकळतं नको, हात भाजतो. वरचं झाकण आधी उघडायचं, म्हणजे हवा आत जाते. मग खाली. इथं नवशिक्याकडून हमखास होणारी एक गोष्ट सांगते. चेंबरच्या शेजारीच गिअरबॉक्स असतो आणि त्यालाही खाली नट असतो. तो उघडला तर गिअर ऑइल सांडतं, आणि वरून इंजिनात दुप्पट ऑइल ओतलं जातं. नट इंजिनाच्या चेंबरचाच आहे हे बॅटरी मारून दोनदा पाहावं.

नट पान्यानं सैल केला की पुढचं हातानं. शेवटचे दोन आटे राहिले की नट वर दाबून धरत फिरवायचा आणि एकदम बाजूला ओढायचा. तेल सरळ खाली पडत नाही, आधी तिरकी पिचकारी येते, हातभर लांब. जोर ओसरतो तशी धार मागे सरकते आणि सरळ होते. घमेलं तिच्यामागे सरकवत न्यायचं. शेवटी थेंब थेंब चालू राहतं, तेवढ्यात फिल्टर काढून घ्यायचा.

जुन्या फिल्टरची रबरी रिंग कधी कधी इंजिनालाच चिकटून राहते. तिच्यावर नवा फिल्टर बसवला तर दोन रिंगा होतात आणि गाडी चालू करताच तेल बाहेर येतं. बोट फिरवून बघायचं. नव्या रिंगेला नव्या तेलाचं बोट लावायचं, हातानं टेकेपर्यंत फिरवायचं आणि वर पाऊण फेरा. पाना नको. चेंबरच्या नटाला मात्र पाना लागतो, तोही बेतानं. माझ्या गाडीला 35 न्यूटन-मीटर आहे, म्हणजे पाव मीटर लांब पान्याच्या टोकाला चौदाएक किलोचा ओढा. पहिलवानकी केली की चेंबरचा आटा जातो, आणि वाचवलेले पैसे तिथंच संपतात.

ओतताना आधी अर्धा लिटर कमीच ओतायचं. गाडी सुरू करायची, ऑइलचा लाल दिवा काही सेकंदांत विझायला हवा. नाही विझला तर लगेच बंद. विझला की मिनिटभर चालू ठेवायची, खाली वाकून गळती बघायची, मग गाडी उतरवून सपाट जागी पाच मिनिटं थांबायचं आणि पट्टी पुसून मोजायचं. तेल दोन खुणांच्या मध्ये, वरच्या खुणेजवळ हवं. वरच्या खुणेच्या पुढे गेलं तर ते चांगलं नव्हे: फिरणारा क्रँक तेलाला घुसळतो, फेस होतो, आणि फेसाचं वंगण होत नाही.

पट्टीवरून बरंच कळतं. डिझेलवाल्यांचं ऑइल आठवड्यातच काळं होतं, त्यांनी घाबरू नये, काजळी धरून ठेवायचं काम ते करतंय. दुधाच्या चहासारखं दिसलं तर कूलंट मिसळलंय, मग गाडी टो करूनच न्यावी. आणखी एक, वॉरंटी चालू असलेल्या गाडीला यातलं काही करू नये. ती संपू द्यावी.

आता उरतं ते काळं तेल, आणि खरं अवघड काम हे. आपल्याकडे त्याला कधी ग्राहक कमी पडला नाही. सेंट्रिंगच्या प्लेटांना लावतात, वाळवीसाठी लाकडाला फासतात, कुणी धूळ दबावी म्हणून अंगणातही शिंपडतात. 2016 च्या घातक कचरा नियमांत वापरलेलं तेल घातक कचऱ्यातच मोडतं. 1 एप्रिल 2024 पासून तर त्यातला ठरावीक वाटा पुनर्प्रक्रियेला जाईल हे बघण्याची जबाबदारी तेल बनवणाऱ्यांवर आणि आयात करणाऱ्यांवर टाकली आहे. त्यात धातूचा चुरा आणि जळलेल्या इंधनाची रसायनं असतात, काही कातडीलाही वाईट. हातमोजे त्याच्यासाठीच. आणि पाणी आपल्याकडे आहे तरी किती? पैनगंगा याच जिल्ह्यात उगवते, बुलढाणा शहर येळगावच्या धरणातून तिचंच पाणी पितं. उत्तरेला पूर्णेच्या खोऱ्यात, शेगाव-संग्रामपूर-जळगाव जामोदकडे, खारपाणपट्टा आहे. तिथं गोड पाण्याची विहीर लागणं म्हणजे नशीब. तिच्या शेजारच्या खांबाला हे तेल फासणं मला पटत नाही.

मी काय करते, तर नव्या तेलाचा रिकामा डबा जुन्यानं भरते आणि गॅरेजच्या पिंपात ओतून येते. तिथून ते उचलणारे येतात. मग डब्याला पान्यानं दोन भोकं पाडते आणि तो भंगारात देते. भोकं पाडली नाहीत तर तोच डबा, तेच लेबल, आत कुठलंतरी तेल, असा तो पुन्हा एखाद्या दुकानाच्या फळीवर येऊ शकतो.

दादा अजून कुंपणाच्या खांबांसाठी डबाभर मागतो. मी देत नाही. तो ट्रॅक्टरचं वापरतो.