मार्गारिटावरचा मिठाचा फेस

टकिला, संत्र्याच्या सालीचा स्वाद असलेले गोड मद्य आणि लिंबाचा ताजा रस यांपासून होणारी मार्गारिटा हे मेक्सिकोचे सर्वपरिचित कॉकटेल असून, ते देताना पेल्याच्या कडेला मीठ लावण्याची रीत आहे. ही रीत निव्वळ शोभेची नाही, कारण मिठातील सोडियम जिभेला जाणवणारा कडवटपणा दाबते आणि त्यामुळे लिंबाचा स्वाद अधिक खुलतो. मात्र कडेवरचे मीठ एका घोटात भरमसाट येते आणि पुढच्या घोटात मुळीच येत नाही. स्पेनमध्ये जन्मलेले व वॉशिंग्टनमध्ये नावारूपाला आलेले शेफ होसे आंद्रेस यांनी मीठ कडेवरून काढून हलक्या फेसाच्या रूपाने पेयावर आणले, आणि ही सुधारणा खरोखरच मोलाची आहे. या तंत्राचे मूळ फेरान आद्रिया यांच्या कॅटलोनियातील एल बुली या उपाहारगृहात आहे, जेथे आंद्रेस यांनीही काम केले होते.

लिंबू-मिठाचे पाणी नुसते घुसळले तर बुडबुडे लगेच फुटतात. म्हणून त्यात सोयाबीनपासून मिळणारे लेसिथिन घालतात. त्याच्या रेणूचे एक टोक पाण्याकडे ओढले जाते व दुसरे पाण्यापासून दूर राहते, त्यामुळे हे रेणू पाणी आणि हवा यांच्या सीमेवर जमून बुडबुड्याचे पातळ आवरण टिकवून धरतात.

घरी हा फेस करण्यासाठी १०० मिली लिंबाचा रस, १५० मिली पाणी, चहाचा एक चमचा मीठ आणि सुमारे दीड ग्रॅम लेसिथिनची पूड पुरते. फेसात बहुतांश हवाच असल्याने मूळ द्रव चाखताना खारटच लागला पाहिजे. द्रव पसरट भांड्यात घेऊन हँड ब्लेंडर तिरका धरावा आणि त्याचे पाते अर्धे पाण्यात, अर्धे हवेत राहील असे पाहावे. ते पूर्ण बुडाले तर हवा आत शिरत नाही व फेस धरत नाही. घुसळणे थांबवल्यावर मिनिटभर थांबले की मोठे, ओलसर बुडबुडे विरून वर बारीक, कोरडा फेस उरतो आणि तेवढाच चमच्याने अलगद उचलावा.

पेयासाठी ५० मिली टकिला, २० मिली संत्र्याचे मद्य आणि १५ मिली रस बर्फासह घट्ट झाकणाच्या भांड्यात हलवून गाळावे. मेक्सिकोत वापरले जाणारे छोटे, पातळ सालीचे लिंबू आणि महाराष्ट्रातील कागदी लिंबू एकाच जातीचे असल्याने येथे वेगळे लिंबू शोधावे लागत नाही. फेस काही मिनिटांत बसू लागत असल्याने तो शेवटी घालावा; उरलेला द्रव पुन्हा घुसळता येतो, आणि मद्य न घेणाऱ्यांच्या लिंबू सरबतावरही हा फेस तितकाच शोभतो.