लॉग कुणाचा, मशीन कुणाचं

जोयडा तालुक्यात हॅम स्टेशन थाटणाऱ्याने अँटेनाच्याही आधी घड्याळाचा विचार करावा, असं मी वर्षानुवर्षं सांगत आलोय आणि मंडळी तितक्याच नेमाने हसत आली आहेत. हसू देत. कुणाशी बोललो, कुठल्या बँडवर, सिग्नल कसा होता, हे दोन्हीकडच्या लॉगांत जुळतं ते शेवटी वेळेवरून. आपली वेळ यूटीसीच्या साडेपाच तास पुढे, म्हणून पहाटे साडेपाचच्या आत झालेल्या क्यूएसओची, म्हणजे संभाषणाची, तारीख आदल्या दिवसाची पडते. चाळीस मीटरवर पहाटे बसणाऱ्याला हे तोंडपाठ हवं. तरी 'तुमचं नाव आमच्या लॉगात नाही' असा शेरा मारून परत येणाऱ्या कार्डांच्या मुळाशी बहुधा हाच साडेपाच तासांचा घोळ निघतो.

शहरातला कॉम्प्युटर इंटरनेटवरून वेळ जुळवून घेतो. इथे उळवीच्या वाटेवर रेंज शोधत फिरावं लागतं. स्वस्त म्हणून हौसेने आणलेल्या रास्पबेरी पायला पाचव्या पिढीपर्यंत स्वतःचं घड्याळच नव्हतं. वीज गेली की ते थबकणार, आली की जिथे सोडलं तिथूनच पुढे मोजायला लागणार, आणि लॉगमध्ये तासा-दीड तासाची चूक शांतपणे शिरणार. वीज जाते तीही कुठे, तर १०१ मीटर उंचीच्या सूपा धरणाने काळी नदी अडवून धरलेल्या तालुक्यात! म्हणून डीएस३२३१ चिपचं बारकं घड्याळ बसवा, किंवा यूएसबीचा जीपीएस लावा. एफटी८ या कॉम्प्युटरवरून चालणाऱ्या पद्धतीचे फेरे पंधरा सेकंदांचे; तिथे घड्याळ दोन-तीन सेकंद चुकलं तरी कुणी ऐकू येत नाही. पूर्वी दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेचं एटीए केंद्र दहा मेगाहर्ट्झवर सेकंदांचे ठोके द्यायचं. ते बंद पडलं. आता मी चीनचं बीपीएम वेळकेंद्र लावून मनगटावरचं घड्याळ जुळवतो. याला कुणाला प्रगती म्हणायचं असेल तर म्हणो बापडा.

आता वही. १९७८च्या हौशी सेवा नियमांत लॉग बांधीव वहीत ठेवायला सांगितलं होतं, सुटी पानं चालायची नाहीत, आणि ती वही वर्षभर जपायची. या अटीची टिंगल करणारे पुष्कळ भेटले. मला ती अट फार शहाणी वाटते. बांधीव वहीतलं पान फाडलं तर कळतं, खाडाखोड केली तर दिसते; कॉम्प्युटरवर मागच्या तारखेचा क्यूएसओ घुसडायला दोन बटणं पुरतात. फक्त इथे शाईचं पेन वापरू नये. जून ते सप्टेंबर वहीचा कागद असा दमट असतो की अक्षरं पसरतात. एचबी पेन्सिल वापरा, वही पत्र्याच्या डब्यात ठेवा, डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाका. वाळवीपासून भिंतीतलं कपाटही सुरक्षित नसतं, हे घाटात राहणाऱ्याला सांगायला नको.

सॉफ्टवेअरचा इतिहास उरकतो, कारण तो सगळ्यांना ठाऊक आहे. डॉसच्या काळात स्पर्धेसाठी केन वुल्फचं सीटी आलं आणि एकाच स्टेशनशी पुन्हा बोलणं टाळण्यासाठी हाताने लिहायच्या डुप शीट कचऱ्यात गेल्या. मग विंडोज आलं. आज स्पर्धेसाठी एन१एमएम, रोजच्यासाठी लॉग४ओएम, लॉगर३२ किंवा डीएक्सलॅब, लिनक्सवाल्यांना सीक्यूआरलॉग. यातलं कुठलंही घ्या, कुणी उपाशी राहत नाही. रंग कुठला, खिडक्या किती, नकाशा फिरतो की नाही, यावर दिवाळी अंकाची पानं खर्च करणारे इतर लेखक आहेत.

माझं भांडण वेगळ्या मंडळींशी आहे. 'सगळं नेटवर ठेवा, कुठूनही उघडा' असं ते म्हणतात, आणि म्हणतात बेंगळुरूच्या फायबरवर बसून. क्लाउडलॉग आणि त्यातून फुटलेलं वेव्हलॉग चांगले आहेत, घरच्या घरी पायवरही चालवता येतात, हे मान्य. पण ते घरी चालवायचे कष्ट घेतो कोण? बहुतेक जण दुसऱ्याच्या सर्व्हरवर नोंदी टाकून मोकळे होतात. मे २०२४मध्ये अमेरिकेतल्या एआरआरएल या हॅम संघटनेवर सायबर हल्ला झाला, तेव्हा त्यांचं नेटवरचं लॉगबुक ऑफ द वर्ल्ड जुलै उजाडेपर्यंत बंद होतं. ज्यांच्या घरी लॉगची एडीआयएफ फाइल होती त्यांनी नंतर ती चढवली आणि विषय संपला. ज्यांच्याकडे नव्हती ते हात चोळत बसले. हॅम रेडिओ डिलक्सही एके काळी फुकट होतं, पुढे पैसे पडायला लागले. त्यात वावगं काही नाही, पण आपल्या नोंदी कुणाच्या दारात बांधून ठेवल्यात एवढं माणसाला माहीत असावं. १९९६पासून एडीआयएफ ही साध्या मजकुराची फाइल आहे, नोटपॅडमध्ये उघडते. दर महिन्याला ती काढून एका पेनड्राइव्हवर घ्या आणि तो पेनड्राइव्ह बेळगावच्या किंवा मडगावच्या पाहुण्यांकडे ठेवा. जो प्रोग्राम ही फाइल सहज काढू देत नाही, त्याला घरात घेऊ नका.

मशीनबद्दल मी अगदी जुन्या वळणाचा आहे. सेकंडहँड लॅपटॉप घ्यावा, शक्यतो खरा सीरियल पोर्ट असलेला, आणि बँडवर बसलं की त्याचा चार्जर काढून ठेवावा. चार्जर, एलईडी दिवे, सौरसंचाचे स्वस्त कंट्रोलर यांचा खरखराट ऐंशी आणि चाळीस मीटर अक्षरशः गिळून टाकतो. जोयड्याचं खरं वैभव म्हणजे इथला शांत बँड. तो आपणच खराब करायचा आणि मग दहा हजारांची अँटेना घ्यायची, याला काय म्हणावं? रिग आणि कॉम्प्युटर जोडणाऱ्या केबलवरही कंजूषपणा नको. यूएसबीचं नकली चिपचं कन्व्हर्टर ऐन स्पर्धेत रुसतं आणि फ्रीक्वेन्सी लॉगमध्ये जिथल्या तिथे गोठते. नव्या रिग एका यूएसबी वायरवर सगळं देतात. पण मला जास्त कौतुक हैदराबादच्या अशर फरहान यांच्या बिटएक्सचं. २००३चा तो घरी जुळवायचा ट्रान्सीव्हर पुढे मायक्रोबिटएक्स झाला आणि आता कॉम्प्युटरशी बोलताना येसूच्या एफटी-८१७चं सोंग घेतो, त्यामुळे जवळजवळ कुठलाही लॉगिंग प्रोग्राम त्याला ओळखतो. हातात सोल्डरिंग आयर्न न धरलेल्याने लॉगची चर्चा करू नये, असं मी एका मेळाव्यात म्हणालो होतो. पुढच्या मेळाव्याला मला बोलावणं आलं नाही.

बाहेर जाऊन स्टेशन लावणाऱ्यांनी एक जपावं. जोयडा, रामनगर, कॅसलरॉक हे सगळं अक्षांश-रेखांशांवरून आखलेल्या एमके७५ या ग्रिडमध्ये. अणशीच्या आसपास पंधरावा अक्षांश ओलांडून कद्र्याकडे उतरलं की एमके७४ लागतं. चौऱ्याहत्तरावा रेखांश ओलांडून पणजीला गेलात तर एमके६५. प्रोग्राम मात्र घरचा ग्रिड धरून बसतो. तो बदलला नाही तर दिवसभराचा लॉग खोटा. आणि व्याघ्रप्रकल्पाच्या हद्दीत वन खात्याच्या परवानगीशिवाय वायर टाकायला जाऊ नका.

कॅसलरॉकचं नाव आलं की मला थांबवत नाही. २५ नोव्हेंबर १९५५ ते डिसेंबर १९६१, वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो यांनी आधी आंबोलीच्या आणि मग कॅसलरॉकच्या रानातून गोव्याच्या मुक्तीसाठी नभोवाणी केंद्र चालवलं. पोर्तुगीजमध्ये 'व्होझ द लिबेरदाद', कोंकणीत 'गोंयचे सोडवणेचो आवाज'. ते हॅम केंद्र नव्हतं, हे सांगायला लगेच कुणी तरी उठेल. ठाऊक आहे. पण याच पावसात, याच जळवांत ट्रान्समीटर कोरडा ठेवून रोज वेळेवर हवेत जाणाऱ्या माणसांची रोजनिशी वाचायला मिळाली, तर माझी क्यूएसएल कार्डांची सगळी खोकी मी देऊन टाकीन. आमच्या पोरांना हे केंद्र माहीत नसतं, एफटी८चा कोष्टकातला स्कोअर माहीत असतो.

होय, एफटी८ आल्यापासून लॉग आपोआप भरतो. ते घडवणारे जो टेलर नोबेल मिळालेले शास्त्रज्ञ, त्यांच्या अकलेला दंडवत. क्षीण सिग्नल उकरून काढायची ती पद्धत अफाटच आहे. पण लॉगमध्ये शेऱ्यांचा रकाना म्हणून काही असतो. माझ्या वह्यांत त्या रकान्यात केरळातल्या मास्तरांची दाढदुखी आहे, कोल्हापूरच्या ऊसदराची तक्रार आहे, अंदमानच्या डिसेंबर २००४च्या गडबडीतली नावं आहेत. भारती प्रसाद तिथे दूरदेशीचे क्यूएसओ करायला गेल्या होत्या. २६ तारखेला त्सुनामी आली आणि त्यांच्या स्टेशनवरून माणसांची खुशाली जाऊ लागली. त्या दिवसांचा लॉग 'उणे बारा डेसिबल' एवढ्यावर कसा भागेल?

आणि हा शेऱ्यांचा रकाना मराठीत लिहायचा म्हटलं, की नव्या साधनांचं खरं रूप दिसतं. एडीआयएफच्या साध्या फाइलमध्ये फक्त रोमन अक्षरांनाच जागा आहे. इतर लिप्यांसाठीचे रकाने त्याच्या एक्सएमएल अवतारात ठेवलेत, आणि तो अवतार फारच थोडे प्रोग्राम वापरतात. देवनागरी टाकली तर एका प्रोग्राममधून दुसऱ्यात जाताना प्रश्नचिन्हांची रांग उरते. एका नामवंत प्रोग्रामच्या कर्त्याला मी याबद्दल लिहिलं. उत्तर सौजन्याचं आलं, सुधारणा आली नाही. म्हणून सध्या कॉमेंटच्या रकान्यात मी कागदी वहीचा क्रमांक आणि पानाचा आकडा एवढंच टंकतो, आणि मास्तरांची दाढ पेन्सिलीने वहीत लिहितो.