बोका दाराच्या चौकटीवर का मुततो?

मांजर स्वच्छतेबाबत काटेकोर. माती उकरून विष्ठा पुरेल, तासन्‌तास अंग चाटेल. हेच मांजर एखाद्या दिवशी दाराच्या चौकटीकडे पाठ करून उभं राहतं, शेपटी ताठ वर जाते, तिचं टोक थरथरतं, मागचे पाय जागच्या जागी हलतात आणि लाकडावर बारीक पिचकारी उडते. घरातले म्हणतात, बोका बिघडला, मुद्दाम करतो, खुन्नस काढतो. यातलं काहीच खरं नाही. मार्जारकुळात फार पूर्वीपासून चालत आलेलं काम तो करत असतो, आणि त्यामागचं रसायनशास्त्र थक्क करणारं आहे.

रायगडच्या किनाऱ्यावर या गोष्टीची चर्चा घरोघर व्हायला हवी, कारण मांजर इथल्या घराचाच भाग आहे. थळ, वरसोली, आक्षी, रेवदंडा, कोर्लई, खाली मुरूडजवळचं एकदरा आणि राजपुरी, श्रीवर्धनकडचं भरडखोल, जीवना बंदर. जिथे होड्या लागतात, जाळी झटकली जातात, ओट्यावर सुकट आणि बोंबील वाळतात, तिथे मांजरं असणारच. खायला मुबलक मिळालं की मांजरं दाटीने राहतात. त्यातच इथली घरं दिवसभर उघडी असतात. पडवीतून कोणाचाही बोका येतो, माजघरापर्यंत फिरून मागच्या दाराने वाडीत निघून जातो. घरच्या मांजराच्या दृष्टीने तिन्ही त्रिकाळ सीमेवर परका उभा असतो.

मांजराचे रानटी पूर्वज एकएकटे शिकार करत. अशा प्राण्याला शेजाऱ्याची गाठ न घेता त्याच्याशी व्यवहार ठेवावा लागतो. समोरासमोर आले तर भांडण होणार, भांडणात जखम होणार आणि जखमी शिकारी उपाशी मरणार. म्हणून निरोप मागे ठेवायचा आणि आपण पुढे जायचं. चावडीवर लावलेल्या नोटिशीसारखा हा निरोप दुसऱ्या मांजराच्या नाकाच्या उंचीवर लिहिलेला असतो, म्हणूनच पिचकारी उभ्या पृष्ठभागावर मारली जाते.

या निरोपाची शाई कशाची, याचा शोध टप्प्याटप्प्याने लागला. १९५३ साली वेस्टॉल या संशोधकाने मांजराच्या लघवीतून गंधक असलेलं एक नवं अमिनो आम्ल वेगळं काढल्याचं प्रसिद्ध केलं. त्याला फेलिनाइन असं नाव मिळालं. नसबंदी न झालेल्या बोक्याच्या लघवीत ते भाटीच्या कितीतरी पट असतं. गंमत अशी की फेलिनाइनला स्वतःला जवळजवळ वास नाही. ते हळूहळू विघटित होतं आणि त्यातून गंधकयुक्त, उग्र वासाचे पदार्थ सुटत राहतात. जपानमधले मासाओ मियाझाकी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ साली दाखवून दिलं की मूत्रपिंडात तयार होणारं कॉक्सिन नावाचं प्रथिन या फेलिनाइनच्या निर्मितीत मोलाची कामगिरी बजावतं. निरोगी मूत्रपिंड एरवी प्रथिनं लघवीतून जाऊ देत नाही. मांजर मात्र हे प्रथिन भरपूर प्रमाणात बाहेर टाकतं. फेलिनाइन बनतं सिस्टीन या अमिनो आम्लापासून, आणि मांजराला सिस्टीन मिळतं मांस-मासळीतून. जो बोका चांगलं खातो, त्याच्या खुणेचा वासही दमदार, असा तर्क त्यावरून मांडला जातो.

निरोप वाचणाराही तितकाच तयारीचा. मांजर खुणेपाशी थांबतं, हुंगतं आणि तोंड अर्धवट उघडं ठेवून, वरचा ओठ किंचित आक्रसून क्षणभर स्तब्ध होतं. पाहणाऱ्याला वाटतं, वासाने शिसारी आली. प्रत्यक्षात ते वास वरच्या दातांमागच्या बारीक छिद्रांतून जेकबसनच्या इंद्रियाकडे, म्हणजे टाळूतल्या खास गंधेंद्रियाकडे पोचवत असतं. डी बोअर यांच्या १९७७ सालच्या अभ्यासात बोक्यांना खूण ताजी की शिळी हे कळत असल्याचं दिसलं. कोण आलं होतं आणि केव्हा, दोन्ही एकाच जागी नोंदलेलं! आणखी एक गैरसमज दूर व्हायला हवा. ही खूण म्हणजे कुंपण नव्हे. परकं मांजर ती हुंगतं आणि बहुतेक वेळा आपल्या वाटेने पुढे जातं.

खुणेची ही रीत एकट्या घरच्या मांजराची नाही. मुरूड आणि रोहा तालुक्यांत पसरलेलं फणसाड अभयारण्य एके काळी जंजिऱ्याच्या नवाबाचं शिकारीचं रान होतं. १९८६ साली त्याला अभयारण्याचा दर्जा मिळाला. तिथला बिबट्या झाडाच्या बुंध्यावर जे करतो, तेच त्याचा छोटा भाऊबंद आपल्या फ्रिजच्या बाजूवर करतो. वाघाच्या खुणेवर तर आपल्याच देशात पायाभूत काम झालं. कोलकात्याचे शास्त्रज्ञ रतनलाल ब्रह्मचारी यांनी ओडिशातल्या सिमलीपालच्या खैरी या माणसाळलेल्या वाघिणीपासून सुरुवात करून वर्षानुवर्षं वाघाच्या फवाऱ्याचा अभ्यास केला. त्यांना आणि त्यांच्या सहकाऱ्यांना त्यात २-असिटिल-१-पायरोलिन हा रेणू सापडला. १९९० साली ‘नेचर’मध्ये त्यांनी तो मांडला. बासमतीला आणि आपल्या आंबेमोहराला सुगंध देणारा रेणू हाच. वाघाची हद्द आणि भाताचं आधण, दोन्हीकडे एकच दरवळ. निसर्गाच्या या काटकसरीपुढे मी तरी हात जोडतो.

आता घरातल्या प्रश्नाकडे. आधी हे ठरवायचं की ही खूण आहे की साधी लघवी. उभ्याने, भिंतीवर, थोडीशी उडवली तर खूण. खाली बसून जमिनीवर किंवा गादीवर मोठं थारोळं केलं तर ती लघवी, आणि तिची कारणं निराळी असतात: वाळूचा ट्रे घाण आहे, नको त्या जागी आहे किंवा मांजर आजारी आहे. खूण फक्त बोकेच करतात असंही नाही. माजावर आलेली भाटी करते, आणि घाबरलेलं, अस्वस्थ झालेलं कोणतंही मांजर करू शकतं.

जागा नीट पाहिली तर कारण बहुधा समजतं. दार, खिडकीची चौकट, पडवीचा खांब यांवर खुणा असतील तर त्रास बाहेरच्या बोक्याचा. घरातल्या वस्तूंवर असतील तर घरात काहीतरी बदललंय. गणपतीला मुंबईहून माणसं येतात, एरवी दोघांचं असलेलं घर पंधरा जणांचं होतं, आणि ओटीवर ठेवलेल्या बॅगेवर नेमकी पिचकारी बसते. त्या बॅगेला लोकलचा, बसचा, परक्या घरांचा वास असतो. मांजर तिच्यावर आपला ओळखीचा वास चढवतं. अशा दिवसांत बॅगा बंद खोलीत ठेवाव्यात आणि मांजरालाही वर्दळीपासून दूर एक शांत कोपरा द्यावा. माझ्या मते हा सर्वात स्वस्त आणि सर्वात दुर्लक्षित उपाय.

मारणं, नाक घासणं, पाणी फेकणं यांनी काम बिघडतं. खुणेमागे अस्वस्थता असेल तर शिक्षेने ती वाढते आणि खुणाही वाढतात.

साफसफाईत आपल्याकडे मोठ्या चुका होतात. पहिली फिनेलची. फिनॉलवर्गातले पदार्थ निकामी करण्याची मांजराच्या यकृताची क्षमता फार तोकडी असते. फिनेल लागलेले पाय मांजर चाटतं आणि विषबाधा होते. डांबरगोळ्याही तशाच घातक. ब्लीचिंग पावडर लघवीवर टाकली की त्रासदायक वायू सुटतो. अमोनियाचा वास असलेलं द्रावण वापरलं तर मांजराला तिथे लघवीच आहे असं वाटतं. योग्य पद्धत साधी आहे. एन्झाइम असलेली कपडे धुण्याची पावडर कोमट पाण्यात विरघळवून डाग धुवावा, स्वच्छ पाण्याने पुसून वाळू द्यावा, मग वर सर्जिकल स्पिरिटचा हात फिरवावा. जांभ्या दगडाची भिंत असेल तर एका धुण्याने भागत नाही, कारण सच्छिद्र दगड लघवी आत शोषतो. पावसाळ्यातल्या दमट हवेत गेलेला वाटणारा वास परत येतो, तेव्हा पुन्हा धुवावं. शेणाने सारवलेल्या जमिनीवर तेवढा पापुद्रा खरवडून काढून नव्याने सारवणं उत्तम. जागा कोरडी झाली की तिथे खाण्याची ताटली ठेवावी. जेवायच्या जागी मांजर सहसा खूण करत नाही.

खरा इलाज मात्र नसबंदीचा. बेंजामिन हार्ट आणि बॅरेट यांनी १९७३ साली मोठ्या वयात नसबंदी झालेल्या बोक्यांची पाहणी प्रसिद्ध केली. त्यांतल्या नऊ-दशांशांच्या आसपास बोक्यांचं फवारणं लगेच किंवा सावकाश कमी झालं. वयात येण्याआधीच, पाच-सहा महिन्यांचं असताना शस्त्रक्रिया केली तर सवय बहुधा लागतच नाही. तरीही नसबंदी झालेल्या दहा बोक्यांत एखादा आणि वीस भाटींत एखादी पुढे खुणा करते, असं हार्ट यांच्याच नंतरच्या पाहणीत आढळलं. अशा मांजरांसाठी गालांच्या ग्रंथींतल्या गंधासारखा कृत्रिम गंध मिळतो. फ्रेंच पशुवैद्य पात्रिक पाजा यांनी त्यावर काम केलं. काहींना औषधंही द्यावी लागतात. ती पशुवैद्यानेच ठरवावीत. माणसांची गोळी घरच्या घरी कधीही देऊ नये. पॅरासिटामॉलची एक गोळीदेखील मांजराचा जीव घेऊ शकते.

एका लक्षणाला मात्र थांबायची सवड नाही. बोका पुन्हा पुन्हा लघवीला बसतो, कुंथतो, ओरडतो, सतत मागचा भाग चाटतो आणि थेंबभरच लघवी होते किंवा तीही नाही. ही खूण नव्हे. त्याचा मूत्रमार्ग तुंबला आहे. एक-दोन दिवसांत तो दगावू शकतो. रात्र असो, रविवार असो, मांडव्याची बोट धरून मुंबई गाठावी लागो, त्याला त्याच दिवशी पशुवैद्याच्या टेबलावर पोचवायला हवं.