मूल अभ्यासात मागे पडले, तर दोष आईच्या दुधाचा?

काही महिन्यांपूर्वी एका वस्तीतल्या विहारात रविवारच्या वंदनेनंतर महिलांची बैठक होती. विषय होता मुलांची शाळा. दुसरीतल्या मुलाची आई म्हणाली, "पोराला अजून जोडाक्षरं वाचता येत नाहीत. काय करू?" मागून एक वयस्कर बाई बोलल्या, "तू तिसऱ्याच महिन्यात कामाला लागलीस. वरच्या दुधावर वाढलेलं पोर ते. डोकं कुठून चालणार?"

कुणीही विरोध केला नाही. चार घरची धुणीभांडी करणारी ती आई मान खाली घालून बसली. त्या मुलाच्या वर्गात शिक्षक नियमित येतात का, त्याची नजर तपासली आहे का, त्याच्या अंगात रक्त किती आहे, घरी पुस्तक आहे का, यांतला एकही प्रश्न निघाला नाही. सगळा निकाल आईच्या छातीवर लावून बैठक पुढे सरकली.

मलाही त्या दिवशी नेमके उत्तर देता आले नाही. दरवर्षी १ ते ७ ऑगस्टला स्तनपान सप्ताह साजरा होतो, "अंगावरचे दूध पाजा, मूल हुशार होईल" असे आपणच वस्तीत सांगतो. ते कितपत खरे आहे? बुद्धांनी कालामांना सांगितले होते की परंपरेने आले, ऐकिवात आले, मोठ्या माणसाने सांगितले म्हणून मानू नका, तपासून पाहा. तेव्हा हेही तपासूनच पाहू.

फरक दुधाचा की घराचा?

अंगावर पाजलेली मुले आणि बाटलीवर वाढलेली मुले यांची बुद्धिमत्ता चाचणी घेतली, तर अनेक देशांत पहिल्या गटाचे गुण थोडे जास्त येतात. पण यावरून दुधामुळे बुद्धी वाढली, असे लगेच म्हणता येत नाही. इंग्लंड-अमेरिकेसारख्या देशांत जास्त शिकलेल्या, बऱ्या पगाराच्या आणि रजा मिळणाऱ्या स्त्रिया जास्त काळ अंगावर पाजतात. त्याच घरांत पुस्तके असतात, शांत खोली असते, अभ्यास घेणारे कुणीतरी असते. मग गुण वाढले ते दुधाने की घराने? हा गुंता सोडवण्यासाठी संशोधकांनी वेगवेगळे मार्ग काढले.

पहिला मार्ग बेलारूसचा. तिथे १९९६-९७ मध्ये ३१ प्रसूतिगृहे आणि त्यांना जोडलेले बालदवाखाने यांची यदृच्छेने दोन गटांत विभागणी केली. एका गटातल्या कर्मचाऱ्यांना स्तनपानाला मदत करण्याचे खास प्रशिक्षण दिले, दुसऱ्या गटात नेहमीचेच काम चालू राहिले. १७ हजारांहून अधिक आई-बाळांच्या जोड्या यात होत्या. कुणाला दूध पाजण्यापासून रोखले नव्हते. एका गटाला आधार जास्त मिळाला, इतकेच. त्याचा परिणाम मोठा झाला. तीन महिन्यांच्या वयात फक्त अंगावरच्या दुधावर असलेली बाळे पहिल्या गटात ४३ टक्के होती, दुसऱ्यात ६ टक्के. साडेसहा वर्षांचे झाल्यावर सुमारे १३,९०० मुलांची चाचणी घेतली, तेव्हा पहिल्या गटाची सरासरी जवळपास ६ गुणांनी जास्त निघाली. शिक्षकांनीही त्यांना वाचन-लेखनात वरचढ ठरवले. मात्र चाचणी घेणाऱ्या डॉक्टरांना कोणते मूल कोणत्या गटातले, हे माहीत होते, ही त्यातली उणीव. तीच मुले १६ वर्षांची झाल्यावर पुन्हा तपासली, तर भाषिक क्षमतेत जेमतेम दीड गुणाचा फरक उरला होता. बाकी क्षमतांत फरक दिसला नाही.

दुसरा मार्ग ब्राझीलमधल्या पेलोटास शहराचा. तिथे १९८२ मध्ये जन्मलेल्या मुलांचा तीस वर्षे पाठपुरावा केला. या शहरात गरीब आणि श्रीमंत दोन्ही घरांत स्तनपानाचे प्रमाण साधारण सारखे होते, त्यामुळे घराच्या परिस्थितीचा गोंधळ कमी होता. तीस वर्षांच्या वयात सुमारे साडेतीन हजार जणांची तपासणी झाली. वर्षभर किंवा जास्त दूध मिळालेल्यांचे गुण महिन्याहून कमी मिळालेल्यांपेक्षा सरासरी पावणेचारने जास्त होते, आणि शिक्षण जवळपास एका वर्षाने.

तिसरा मार्ग अमेरिकेतल्या भावंडांचा. एकाच आईची दोन मुले, एकाला अंगावर पाजले आणि एकाला नाही, अशांची तुलना केली. घर तेच, आई तीच. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात आईची स्वतःची बुद्धिमत्ता हिशेबात धरताच दोन गटांमधला बहुतेक फरक नाहीसा झाला, आणि भावंडांमध्ये दखल घेण्याजोगा फरक आढळला नाही.

चौथा अभ्यास आपल्या जवळचा, म्हैसूरचा. तिथे ९ ते १० वर्षांच्या ५१४ मुलांना तपासले. त्यांतल्या बहुतेकांना सहा महिने किंवा त्याहून जास्त दूध मिळालेले होते. जास्त महिने दूध पिणाऱ्यांची बुद्धी जास्त, असे तिथे दिसले नाही.

असे अनेक अभ्यास एकत्र करून २०१५ मध्ये हिशेब मांडला गेला. सरासरी फरक साडेतीन गुणांच्या आसपास आला; आईची बुद्धिमत्ता लक्षात घेणारे अभ्यास वेगळे काढले, तेव्हा तो अडीच गुणांवर उतरला.

अडीच-तीन गुण म्हणजे किती?

या चाचणीची सरासरी १०० धरतात आणि सुमारे दोन तृतीयांश लोक ८५ ते ११५ यांच्या दरम्यान असतात. तेच मूल आज आणि पंधरा दिवसांनी चाचणीला बसले, तरी दोन-तीन गुण इकडेतिकडे होऊ शकतात. झोप झाली नाही, पोट रिकामे आहे, परीक्षकाची भीती वाटली, एवढेही पुरते.

म्हणून सरळ निष्कर्ष असा : आईच्या दुधाने बुद्धीला थोडा फायदा होत असावा, पण तो लहान आहे आणि सगळ्या अभ्यासांत सारखा सापडत नाही. लाखो मुलांच्या हिशेबात लहान फायद्यालाही किंमत असते. मात्र समोर बसलेले एक मूल का वाचू शकत नाही, याचे उत्तर त्यातून मिळत नाही. जोडाक्षरे न येणाऱ्या मुलाच्या आईला "तुझ्या दुधामुळे" असे सांगणे हे विज्ञान नव्हे.

आपल्यासाठी हा प्रश्न नाजूक का?

बुद्धी जन्माने ठरते असे सांगून आपल्याला शतकानुशतके शाळेबाहेर ठेवले गेले. आज तेच 'मेरिट' या शब्दाआडून बोलले जाते. मूल मागे राहिले की कारण त्याच्या शरीरात शोधायचे, व्यवस्थेत नाही, ही जुनी सवय आहे. पूर्वी रक्ताचे नाव घेतले जाई. आता दुधाचे घेऊन आपणच आपल्या लेकींना तेच ऐकवू नये.

याला आकड्यांचाही आधार आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) सहा महिन्यांखालील फक्त आईच्या दुधावर असलेल्या बाळांचे प्रमाण ग्रामीण भारतात ६५ टक्के होते, शहरी भारतात ६० टक्क्यांच्या आत. म्हणजे या बाबतीत गाव शहराच्या पुढे आहे. दुधानेच शाळेचा निकाल ठरला असता, तर गावातली मुले गुणवत्ता यादीत शहराच्या पुढे असती. तशी ती नाहीत, कारण शाळा, शिक्षक, पैसा, प्रवासाचे अंतर, घरातले काम आणि वर्गातली जातीची वागणूक यांचे वजन काही गुणांच्या फरकापेक्षा कितीतरी जास्त आहे.

मग दूध पाजायचे कशासाठी?

पाजायलाच हवे, आणि त्याची कारणे बुद्धीपेक्षा भक्कम आहेत. आईच्या दुधातून बाळाला रोगांशी लढणारे घटक मिळतात. जुलाब आणि न्यूमोनिया कमी होतात. २०१६ मधल्या एका जागतिक अंदाजानुसार सर्वत्र नीट स्तनपान झाले, तर वर्षाला सुमारे ८ लाख २३ हजार बालमृत्यू टळू शकतात. आईलाही स्तनाच्या कर्करोगापासून काही प्रमाणात संरक्षण मिळते. जिथे नळाला दिवसाआड पाणी येते, तिथे बाटली स्वच्छ ठेवणे कठीण आणि डबा महाग. तो पुरवण्यासाठी पावडर कमी आणि पाणी जास्त घातले जाते. बाळ आजारी पडते ते यातून.

म्हणून जन्मल्यावर तासाभरात बाळाला छातीशी घ्यावे. पहिला चीक फेकू नये, तो बाळाचा हक्क आहे. मध, साखरपाणी, गुटी चाटवू नये. सहा महिने फक्त आईचे दूध, वरचे पाणीही नको. त्यानंतर दूध चालू ठेवून वरचे अन्न. हा शेवटचा टप्पा आपण विसरतो. सहा महिन्यांनंतर बाळाला लागणारे लोह एकट्या दुधातून पुरत नाही. त्याच सर्वेक्षणात ६ ते २३ महिन्यांच्या बाळांपैकी केवळ ११ टक्क्यांना पुरेसा आहार मिळत होता, आणि पाच वर्षांखालील ६७ टक्के मुलांमध्ये रक्ताची कमतरता होती. लहान वयात लोह कमी पडले, तर मेंदूच्या वाढीवर आणि शिकण्यावर परिणाम होतो. मुलांच्या बुद्धीची खरोखर काळजी असेल, तर "किती महिने पाजलेस?" यासोबत "डाळ, अंडे, पालेभाजी मिळते का?" हेही विचारले पाहिजे.

आणि एखाद्या आईला पाजता आले नाही, तर? आजार असेल, बाळ कमी दिवसांचे असेल, किंवा काम सोडणे शक्य नसेल. तिला दोष नको, मदत हवी. कामावर जाण्यापूर्वी दूध पिळून स्वच्छ झाकलेल्या भांड्यात ठेवता येते आणि घरच्यांना ते वाटी-चमच्याने पाजता येते. डब्याचेच दूध द्यावे लागले, तर पाणी उकळून, माप अचूक घेऊन, तेही वाटी-चमच्याने. मुंबईच्या शीव रुग्णालयात १९८९ मध्ये आशियातली पहिली मातृदुग्ध पेढी सुरू झाली. दुसऱ्या आईच्या दुधावर नाजूक बाळ जगवता येते, हे तिने दाखवून दिले.

आपल्या परंपरेत तर याचे मोठे उदाहरण आहे. सिद्धार्थ सात दिवसांचे असताना महामायेचे निधन झाले. त्यांना आपल्या अंगावरचे दूध पाजून महाप्रजापती गौतमीने वाढवले. पुढे आनंदाने तथागतांना तिच्या या उपकाराची आठवण करून दिली, असे त्रिपिटकात येते.

आईला सल्ला नको, वेळ द्या

ऊस तोडायला गेलेली आई बाळाला फडाच्या कडेला झोळीत ठेवते. इमारतीवर विटा वाहणारी आई मुकादमाच्या परवानगीने खाली उतरते. धुणीभांडी करणारीला तर रजा हा शब्दच माहीत नसतो. यांना "सहा महिने अंगावर पाजा" असे सांगणे सोपे आहे. पाजायला वेळ कोण देणार?

हा प्रश्न बाबासाहेबांनी १९२८ मध्येच हाती घेतला होता. मुंबई विधिमंडळात प्रसूती लाभ विधेयकाला पाठिंबा देताना त्यांनी भूमिका मांडली की बाळंतपणाच्या आगेमागे आईला विश्रांती मिळणे राष्ट्राच्या हिताचे आहे, आणि त्याचा भार सरकारने तसेच मालकाने उचलला पाहिजे. १९२९ मध्ये मुंबई प्रांतात तसा कायदा झाला. पुढे देशभराचा १९६१ चा कायदा आला आणि २०१७ च्या दुरुस्तीने पगारी रजा १२ वरून २६ आठवड्यांची झाली. बाळ पंधरा महिन्यांचे होईपर्यंत कामाच्या वेळेत दूध पाजण्यासाठी दोन सुट्ट्या मिळण्याची तरतूदही आहे. पण हे लाभ प्रामुख्याने आस्थापनेत नोंद असलेल्या स्त्रियांना मिळतात. घरकाम, ऊसतोड, नाका कामगार यांतल्या बहुतेक आया बाहेरच राहतात.

म्हणून आपल्या युवक-युवतींना करण्यासारखे काही आहे. वस्तीतल्या गरोदर आणि बाळंतिणींची यादी आशाताई आणि अंगणवाडीताईंसोबत करा. मातृवंदना योजनेत पहिल्या बाळासाठी ५ हजार रुपये मिळतात, दुसरी मुलगी झाल्यास ६ हजार. अर्ज कुठे अडकले आहेत ते पाहा. बांधकामाच्या जागी पाळणाघर आहे का, विचारा. विहाराचा एखादा कोपरा दुपारी बाळांसाठी मोकळा करा. दूध पावडर आणि बाटल्यांच्या जाहिरातीला १९९२ च्या कायद्याने बंदी आहे. फुकट डबे वाटताना कुणी दिसले, तर तक्रार करा. आणि विहारात संध्याकाळचा वाचनवर्ग सुरू करा, कारण जोडाक्षरे शेवटी शिकवल्यानेच येतात.

बैठकीतल्या त्या ताईंना मी नंतर जाऊन भेटले. मुलाला शाळेतून नजर आणि रक्त तपासायला नेले. चष्मा लागला, रक्तही कमी निघाले. आता तो पहिल्या बाकावर बसतो आणि हळूहळू वाचतो. त्याची आई मात्र अजूनही मधूनच विचारते, "ताई, माझंच चुकलं का?" हा प्रश्न तिच्या मनात आपण सगळ्यांनी मिळून घातला आहे. तो काढायचे कामही आपलेच आहे.

नमो बुद्धाय, जय भीम.