खलबत्त्याचा चहा

सिन्नर विडीचं गाव. इथे चहाचं कौतुक वेगळं सांगावं लागत नाही. पण पुणे-नाशिक रस्त्याला हल्ली पाट्यापाट्यांवर 'अमृततुल्य' दिसतं. ते नाव पुण्याचं, आणि ते रुजवणारे मात्र पुण्याचे नव्हेत. राजस्थानातून पोटामागे आलेले श्रीमाळी ब्राह्मण ते. विश्वनाथ पन्नालाल नर्तेकर यांनी १९२४ साली सोन्या मारुती चौकात 'आद्य अमृततुल्य' काढलं, मग दवे, ओझा अशी मंडळी पेठापेठांत बसली. दुकानांची नावं देवांची: अंबिका, नर्मदेश्वर.

पंचहौद या ख्रिस्ती मिशनमध्ये १८९० साली चहा घेतला म्हणून रानडे-टिळकांवर ग्रामण्य, म्हणजे जातिबहिष्काराचं प्रकरण, ओढवलं, ते हेच पुणं. चहा कोणाच्या हातचा, याला तिथे मोल होतं. ब्राह्मणाच्या हातचा, डोळ्यांदेखत उकळलेला चहा चालला तो त्यामुळेही, असा माझा तर्क.

डोळ्यांदेखत हेच खरं. मालक उंच ओट्यावर मांडी घालून बसतो. पुढ्यात शेगडी, तिच्यावर लखलखीत पितळी पातेलं. दूध, पाणी, साखर हाताला पाठ. पितळी खलबत्त्यात आलं-वेलदोडा कुटायला लागला की रस्त्यावरचा माणूस वळून बघतो. उकळी चढली की चहा ओगराळ्यानं वर उचलायचा, पुन्हा पातेल्यात सोडायचा. शेवटी फडक्यातून किटलीत गाळून फडकं घट्ट पिळायचं. हे पिळणं बघून कोणी नाक मुरडतं. मुरडू द्या, निम्मी चव तिथेच असते.

इराणी हॉटेलवालाही बाहेरून आलेला, पण त्याचा काळा चहा आत होतो, दूध वेगळं. तुम्ही संगमरवरी टेबलावर तासभर बसा. इथे बाकडं, आणि समोर पातेलं. मला आठवतो तो जपानी चहाविधी. सोळाव्या शतकात सेन नो रिक्यू यांनी त्याला वळण दिलं. यजमान पाहुण्यासमोर भांडं पुसतो, हिरवी पूड घुसळतो, पाहुणा बघत राहतो. हवाई-ब्राझीलला गेलेल्या जपान्यांनी तो तिकडेही सांभाळला. आपलं गिऱ्हाईक तेवढं गप्प बसत नाही, क्रिकेटवर बोलतं. नजर मात्र उकळीवर.

हमरस्त्यावरच्या पाट्यांनी नाव घेतलं, खलबत्ता पुष्कळांनी सोडला. मसाल्याची तयार पूड बरणीत असते. दमलेल्या प्रवाशाला तोही चहा गोड लागतो. पण कुटण्याचा आवाज आला नाही, तर त्याला नुसता चहा म्हणावं, अमृततुल्य म्हणू नये.