मुरुमांच्या क्रीममध्ये नेमके काय असते?

मुरुमावर लावायची ट्यूब घेताना ब्रँडपेक्षा मागची बारीक अक्षरे वाचा.

लाल, पू भरलेल्या पुळीसाठी बेन्झॉइल पेरॉक्साइड चांगले. ते जिवाणू मारते. सुरुवात २.५ टक्क्यांनी करा. १० टक्क्यांनी फायदा फारसा वाढत नाही, जळजळ मात्र वाढते. (उशीचा अभ्रा जुना घ्या, रंग उडतो.) सॅलिसिलिक ॲसिड बुजलेली छिद्रे मोकळी करते, म्हणून ब्लॅकहेड्सना उपयोगी. ॲडापालीन एकेका पुळीवर टिपक्यासारखे लावायचे नसते. रात्री मुरुमे येणाऱ्या सगळ्या भागावर पातळ थर द्यायचा आणि ८ ते १२ आठवडे धीर धरायचा. गरोदरपणात ते टाळा.

बीटामेथासोन, क्लोबेटासोल किंवा मोमेटासोन हे नाव दिसले, तर ते स्टेरॉइड आहे. मेडिकलवाल्याने दिले, मैत्रिणीला गुण आला, तरी मुरुमांवर लावू नका. दोन दिवसांत लाली उतरते, म्हणून विश्वास बसतो. पुढे त्वचा पातळ होते, बारीक रक्तवाहिन्या दिसू लागतात, चेहऱ्यावर केस वाढतात आणि क्रीम थांबवताच मुरुमे उसळतात. महिनोन्महिने लावत असाल, तर ती ट्यूब सोबत घेऊन त्वचारोगतज्ज्ञांना भेटा. ती कशी बंद करायची ते त्यांना ठरवू द्या.