अजून शिकतेच आहे?

‘मुलगी काय करते?’ असं कुणी विचारलं, की मी नुसतं ‘शिकतेय’ म्हणायचे. सत्ताविसाव्या वर्षी शिकतेय म्हटल्यावर समोरचीचा चेहरा बघण्यासारखा व्हायचा! शेवटी लेकीकडूनच सगळं समजून घेतलं. एमएस्सीनंतर ती सीएसआयआर-यूजीसीची नेट परीक्षा जेआरएफसह पास झाली. म्हणून रसायनशास्त्रात पीएच.डी. करताना तिला सरकारची फेलोशिप मिळते. जानेवारी २०२३ पासून ही रक्कम महिना ३७ हजार झाली. दोन वर्षांनी काम तपासून ४२ हजार, शिवाय नियमाप्रमाणे घरभाडं.

आकडा ऐकून मलाच हुरूप आला. पण मैत्रिणींनो, पैसे दरमहा येतातच असं नाही. एकदा कागद कुठल्याशा टेबलावर अडकले नि पाच महिने छदाम आला नाही. फोनवर म्हणायची, ‘आई, सगळं ठीक आहे.’ दिवाळीत आली तेव्हा तिची मनगटं बघूनच कळलं. बाईसाहेब एक वेळच जेवत होत्या! माझी भिशी लागली होती म्हणून निभावलं. जिच्या आईकडे तेवढेही नसतील, तिनं काय करायचं?

आता लग्नाची बोलणी चाललीत. परवा पाहुण्या बाईंनी विचारलंच, ‘मूल झाल्यावर हे थांबेल ना?’

म्हटलं, ‘नाही हो. यूजीसीच्या नियमात बाळंतपणाला नि मूल सांभाळायला २४० दिवसांपर्यंत रजा आहे. पीएच.डी.ची मुदतही दोन वर्षं वाढवून मिळू शकते.’

लेक दारातून माझ्याकडे बघतच राहिली. पाहुण्या बाईंनी पोह्यांची बशी पुढे ओढली.